घरच्या माणसावर खोटा आळ आला तर या चुका टाळा

खोटी तक्रार झाली की भावकीतलं कुणीतरी म्हणतंच, "चला, समोरासमोर बसून मिटवून टाकू." चार माणसं तक्रारदाराच्या दारात जातात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. तुम्ही हात जोडायला गेलेले असता, पण कागदावर ते साक्षीदारावरचा दबाव म्हणून येऊ शकतं. त्यावरून जामीन नाकारला जातो, मिळालेलाही रद्द होतो. बोलणं वकिलामार्फतच करा. घरात कुणी तापट असेल तर वडीलधाऱ्यांनी त्याला आवरावं. खोट्या गुन्ह्यापायी खरा गुन्हा अंगावर यायला नको.

दुसरी चूक म्हणजे पारावर आणि स्टेटसवर खुलासे देत बसणं. तेवढ्यात पुरावा हातचा जातो. आळ आलेला माणूस त्या दिवशी जालन्याच्या मोंढ्यात होता ना? मग आडत्याची पट्टी, एसटीचं तिकीट, फोनपेची नोंद आजच गोळा करा. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवण्यासाठी वकिलाकडून पंपमालकाला लेखी अर्ज द्या, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. फोनमधला एकही मेसेज पुसू नका, अडचणीचा वाटला तरी.

"साहेब ओळखीचे आहेत" म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. तक्रारीत मुळातच दम नसेल तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अर्ज करता येतो. तो करायचा का, हे कागद वाचून वकिलालाच ठरवू द्या.

घरातली एक चूक मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. "खरं सांग, तू नाही ना केलंस?" हे त्याला रोज विचारू नका. एकदाच, शांतपणे, सगळं ऐकून घ्या. सुनेला लाजेपोटी माहेरी धाडू नका. लेकरांना शाळेत काय ऐकावं लागेल ते आधीच सांगा, आणि वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. तारखा लांबतात. कोर्टात कोण जाणार, पेरणी कोण बघणार, हे आत्ताच ठरवा. तो जेवण टाकून "माझ्यामुळं घर बुडालं" म्हणू लागला तर त्याला एकटं सोडू नका; टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं.