लॅपटॉपला किती रॅम हवी, हे पैसे मोजण्याआधी कसे ठरवावे

'१६ जीबी सगळ्यांना पुरते' हा सल्ला दुकानदारापासून भाच्यापर्यंत प्रत्येकाने मला दिलेला आहे. पत्रव्यवहार, हिशोब आणि साधे आराखडे यांच्यापुरता तो खरा आहे. मी लातूरला ड्रोन-मोजणीचे काम करतो. उन्हाळ्यात तलाव आटले की गाळ काढण्यापूर्वी एकदा आणि काढल्यावर एकदा त्यांची मोजणी होते, आणि शेकडो छायाचित्रे जोडून प्रत्येक वेळी एक नकाशा तयार करावा लागतो. नकाशातला एक ठिपका जमिनीवरचा २ सेंटीमीटरचा चौकोन दाखवतो असे धरले, तर एका चौरस किलोमीटरचे २५० कोटी ठिपके होतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तरी नुसते अंतिम चित्रच १० जीबीचे होते. अशा कामाला किती मेमरी लागेल हे दुसऱ्याने सांगण्यात अर्थ नाही, ते आपणच मोजावे लागते. खालची रीत विंडोजसाठी आहे.

प्रथम आपल्या वर्षभरातले सर्वांत जड काम निवडावे, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ब्राउझरसकट नेहमीचे सगळे प्रोग्राम उघडून ते काम चालू करावे.

आता मोजणी. येथेच बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात मेमरीची टक्केवारी ठळकपणे दिसते. त्या टक्केवारीवर विसंबू नये. १६ जीबीच्या लॅपटॉपवर मी एकदा रात्री नकाशाचे काम लावले, ७८ टक्के आकडा पाहिला आणि निश्चिंत होऊन झोपलो. पहाटे पडद्यावर मेमरी अपुरी पडल्याची सूचना होती आणि सात तासांचे काम वाया गेले होते. कारण शोधायला मला पुढचे दोन दिवस लागले. एसएसडी झिजू नये म्हणून पेजफाइल, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास विंडोज डिस्कवरची जी फाइल मेमरीसारखी वापरते ती, बंद करावी, असा सल्ला मी कुठेतरी ऐकला होता आणि इमानेइतबारे पाळलाही होता. प्रोग्राम जेवढी मेमरी मागून ठेवतात तेवढी सगळी ते लगेच वापरत नाहीत, परंतु विंडोजला त्या संपूर्ण मागणीची हमी द्यावी लागते, आणि ही हमी रॅम व पेजफाइल यांच्या बेरजेपलीकडे जाऊ शकत नाही. पेजफाइलच नसल्यामुळे वापर ७८ टक्के असतानाही हमीची मर्यादा संपली होती. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात, 'मेमरी'खाली 'कमिटेड' या शब्दापुढे दोन आकडे असतात. पहिला मागणीचा, दुसरा मर्यादेचा. माझ्याकडे तेथे १५.६ आणि १५.८ होते. पेजफाइल कधीही बंद करू नये, तिचा आकार विंडोजवर सोपवावा.

या मागणीचा कमाल आकडा मात्र टास्क मॅनेजर नोंदवून ठेवत नाही, आणि रात्रभर त्याच्यासमोर बसणे कोणालाच शक्य नसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस एक्सप्लोरर हा मोफत प्रोग्राम घ्यावा. त्यातील 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'कमिट चार्ज'खाली 'पीक' आकडा मिळतो. पेजफाइल पुन्हा चालू केल्यावर माझा आकडा ३७ जीबी आला.

हा आकडा म्हणजेच गरज, असेही समजू नये, कारण त्यात मागितलेली पण न वापरलेली मेमरीही असते. म्हणून विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडून 'हार्ड फॉल्ट्स' पाहावेत, म्हणजे हवी ती माहिती रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून किती वेळा आणावी लागली तो आकडा. प्रोग्राम किंवा मोठी फाइल उघडताना ते उसळणारच, तिकडे दुर्लक्ष करावे. पण कमाल मागणी रॅमपेक्षा जास्त असेल, फॉल्ट तासन्‌तास शेकड्यांनी चालू राहत असतील आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम खरोखरच कमी आहे. डिस्क शांत असूनही काम रेंगाळत असेल, तर आधी प्रोसेसरचा वेग पाहावा. तापलेला प्रोसेसर आपला वेग कमी करतो; आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कित्येकदा दोष उष्णतेचा असतो आणि लोक पैसे रॅमवर घालवतात.

कमाल मागणीच्या वरचा, बाजारात मिळणारा पुढचा आकार घ्यावा. मी ६४ घेतली, कारण पुढचा तलाव मोठा असू शकतो. जड कॅड (संगणकावरचे आराखडे) आणि ४के व्हिडिओ संपादन यांसाठी मी ३२ पेक्षा कमी सुचवत नाही. काही संपादन-प्रोग्राम असेल तेवढी मेमरी व्यापून बसतात. तेथे कमाल आकडा फुगलेला येतो, म्हणून फॉल्टवरच विश्वास ठेवावा.

खरेदीपूर्वी टास्क मॅनेजरमधील 'फॉर्म फॅक्टर' वाचावा. 'रो ऑफ चिप्स' असे असेल तर ती रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि बदलता येत नाही. पातळ लॅपटॉपांत हे सर्रास आढळते, आणि ॲपलच्या एम मालिकेतील लॅपटॉपांतही मेमरी नंतर वाढवता येत नाही. 'नंतर टाकून देतो' असे सांगणाऱ्या दुकानदाराला स्लॉट उघडून दाखवायला सांगावे. डीडीआर४ या जुन्या प्रकारच्या रॅमची पट्टी डीडीआर५ या नव्या प्रकारच्या खाचेत बसत नाही. एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन घ्याव्यात, कारण मग रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले दोन मार्ग (चॅनेल) एकत्र चालतात; डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलचा कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबी असतो आणि दोन चॅनेलचा त्याच्या दुप्पट.

पट्ट्या बसवल्यावर विंडोजची मेमरी तपासणी चालवावी, आणि मग तेच जड काम पुन्हा लावून 'हार्ड फॉल्ट्स' पाहावेत. माझे शून्याच्या आसपास राहिले आणि ज्या तलावासाठी पूर्ण रात्र जात असे, त्याचा नकाशा दुपारच्या जेवणापर्यंत तयार झाला.