म्हाताऱ्या सेन्सरचा तास

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी आता पुरे, असं नववीचे पोट्टेच म्हणाले. म्हणून यंदा सर्नमधल्या, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणांच्या टकरी घडवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या, प्रकाश-सेन्सरचं म्हातारपण दाखवायचं.

आधी एकाच मॉडेलचे दोन मोबाइल जमवायचे. दोन्हीत प्रो मोड हवा, शटर दहा सेकंद उघडं राहायला हवं आणि आयएसओ सारखा ठेवायचा, नाहीतर तुलना फुकट. लेन्सवर वायरमनची काळी टेप दुहेरी. नाइट मोड बंद. काळोखातही फोटोत उमटणारे ठिपके तो पुसतो आणि आपल्याला तर ठिपकेच पाहिजेत.

बर्फाची लादी आदल्या दिवशीच स्टँडवरच्या गोळेवाल्याला सांगून ठेवायची. फ्रीजचा भरवसा नको, लाइन कधी जाईल नेम नाही. एक मोबाइल घट्ट बंद पिशवीत घालून बर्फाला टेकवायचा, दुसरा टिनाच्या वऱ्हांड्यात. थेट उन्हात नको. बॅटरी फुगली तर मुख्याध्यापकही फुगतील. फोटो पिशवीवरूनच बटण दाबून काढायचा आणि गार मोबाइल लगेच बाहेर काढायचा नाही, दव धरतं. सर्नमध्येही ही कटकट आहेच, तिथे थंड भागात कोरडी हवा किंवा नायट्रोजन खेळवतात.

सांगायचं काय, ते मात्र घोकून जायचं. मागे एकदा मी ‘म्हातारा सेन्सर आंधळा होतो’ असं ठोकून दिलं होतं. खरं दुखणं उलटं आहे: त्याला नसलेलं दिसू लागतं. हा सेन्सर म्हणजे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, त्यात हजारो बारीक पेशी असतात. एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपला की त्या पेशीत इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो. टकरींतून उडालेले न्यूट्रॉन आणि इतर कण सिलिकॉनच्या जाळीतले अणू जागचे हलवतात. मग त्या खिळखिळ्या जागांवरून नुसत्या उष्णतेनंच इलेक्ट्रॉन सुटतो आणि फोटॉन नसताना लोंढा येतो. आठ रात्री जागलीवर काढलेला माणूस हरभऱ्याचे घाटे वाजले तरी रानडुक्कर समजून डबा बडवतो, तसं. खरं डुक्कर त्याच गोंगाटात निसटतं.

गार केलं की हा गोंगाट उतरतो, ढोबळमानाने दर 8–10 अंशांना निम्मा. म्हणून सर्नमधल्या सीएमएस या कण टिपणाऱ्या महाकाय यंत्राच्या नव्या बॅरल टायमिंग लेयरमधले, म्हणजे कणांची वेळ मोजणाऱ्या थरातले, सेन्सर उणे 45 अंशांच्या आसपास चालवायचे ठरलंय. गंमत अशी, की टकरी बंद असताना त्यांनाच 60 अंशांपर्यंत तापवायचं, कारण उबेनं जाळीतले काही दोष बुजतात. काम थंडीत, दुखण्याला शेक. फळ्यावर हे दोन आकडे मोठे लिहायचे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोंढा नसतो, फक्त उष्णतेनं सुटणारे इलेक्ट्रॉन तेच, हेही सांगायचं. मग जुना मोबाइल शेकून नवा होईल का, असं कोणीतरी विचारेलच. लगेच ‘नाही’ असं सांगून टाकायचं, नाहीतर संध्याकाळी कोणाच्या तरी घरी चुलीजवळ प्रयोग सुरू.

ठिपके पोट्ट्यांनीच मोजायचे: दोन्ही फोटो सारखेच मोठे करून, स्क्रीनवर चौकोन आखलेला प्लास्टिकचा कागद लावून. एकदा आदल्या दुपारी करून बघायचं. आणि गोळेवाल्याला पैसे आधीच द्यायचे.