टाइमकोडवरचे लाइट क्यू: या चुका टाळा

नाशिकच्या कालिदास किंवा साईखेडकर नाट्यगृहात नृत्यनाट्याची तारीख मिळाली की हल्ली फर्माईश येते, ‘या वेळी लाइट टाइमकोडवर टाका.’ म्हणजे संगीतासोबत धावणाऱ्या वेळेच्या आकड्यावर लाइटचे ठरलेले बदल, अर्थात क्यू, आपोआप सुटले पाहिजेत. मग रंगीत तालमीत ब्लॅकआउट उशिरा पडतो आणि ऑपरेटर लगेच क्यूच्या वेळा बदलायला बसतो. इथेच घोळ होतो. आधी लाइटच्या कन्सोलवर टाइमकोडचा आकडा नीट धावतोय का ते बघा. तो अडखळत असेल, उड्या मारत असेल तर क्यूला हात लावू नका. दोष बहुतेक वेळा वायरमध्ये किंवा फाइलमध्ये सापडतो.

एलटीसी, म्हणजे ऑडिओच्या वायरीतून येणारा टाइमकोड, हा शेवटी आवाजच. प्रत्येक फ्रेममागे (फ्रेम म्हणजे सेकंदाचा एक छोटा तुकडा) 80 बिट, म्हणजे 25 फ्रेमच्या वेगाने सेकंदाला 2000. ट्रॅकच्या एका चॅनेलवर संगीत, दुसऱ्यावर कोड असतो, आणि कुणीतरी तीच फाइल एमपी3 करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तसं करू नका. वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर आणा. साउंडवाल्यांना सांगून ठेवा: कोडच्या चॅनेलवर ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब काही नको आणि तो चॅनेल मेन स्पीकरला तर अजिबात नको, नाहीतर किर्रर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. लेव्हल फार कमी असली तरी कन्सोल वाचत नाही, फाटली तरी वाचत नाही.

फ्रेम रेट दोन्हीकडे एकच ठेवा. आपल्याकडे 25 सोयीचा. कोड 25 चा आणि कन्सोल 30 वर असेल तर सेकंद जुळतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण 27 व्या फ्रेमवर ठेवलेल्या क्यूची फ्रेम कधी येतच नाही.

कोड शून्यापासून सुरू करू नका. पहिलं गाणं 01:00:00:00 (तास, मिनिट, सेकंद, फ्रेम), दुसरं 02:00:00:00. क्रम बदलला तरी बाकीचे क्यू शाबूत राहतात. संगीताआधी पाच-दहा सेकंद नुसता कोड चालू द्या. कन्सोलला तो पकडायला थोडा वेळ लागतो, आणि पहिल्याच फ्रेमवरचा क्यू हमखास हुकतो.

गाणं ऐकत गो (क्यू सोडायचं बटण) दाबून वेळा नोंदवल्या असतील तर बोट मागेच पडतं. तिहाईचा शेवटचा धा 01:02:14:10 ला आणि क्यू 01:02:14:16 ला, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद उशीर. झटक्यात बदलणाऱ्या क्यूत तो डोळ्याला खुपतो. असे क्यू तपासून आधीच्या वेळेवर ओढा. फेडचं (हळूहळू होणाऱ्या बदलाचं) गणित वेगळं: कोड फेड सुरू करतो. तीन सेकंदांचा फेड समेवर संपायला हवा असेल तर तो तीन सेकंद आधी सुटला पाहिजे.

फोकसिंग (दिव्यांचे रोख लावणं) चालू असताना टाइमकोड बंद ठेवा. शिडीवरचा माणूस आधीच वैतागलेला असतो.

संवादांच्या प्रवेशात मात्र टाइमकोड नकोच. हशा किती लांबेल ते कन्सोलला कळत नाही. तिथे हातानेच गो द्या. कोड तुटल्यावर कन्सोलने किती फ्रेम आपल्या भरवशावर चालायचं, ही सेटिंगही बघून घ्या. फार जास्त ठेवली तर संगीत थांबल्यावरही क्यू पडत राहतात. टाइमकोड बंद करायचं बटण कुठे आहे ते ऑपरेटरला न शोधता सापडलं पाहिजे आणि छापील क्यूशीट बूथमध्ये हवीच.