‘आय स्लेप्ट लेट’ म्हणजे नेमकं काय? झोपेच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी येते. तिचे साहेब ऑस्ट्रेलियात, त्यामुळे मीटिंग आपल्या सकाळी साडेसातला. एका सोमवारी ती दहा मिनिटं उशिरा पोचली. आदल्या रात्री दोनपर्यंत त्याच मीटिंगचं प्रेझेंटेशन करत बसली होती. तिनं खरं तेच सांगितलं, ‘सॉरी, आय स्लेप्ट लेट.’ साहेबांनी जे ऐकलं ते असं: ‘सॉरी, मी आज उशिरापर्यंत झोपून राहिले.’ रात्रीचं सगळं जागरण त्या तीन शब्दांत पुसलं गेलं. मला हे फार लागलं, कारण तिचं व्याकरण बिनचूक होतं.

‘स्लीप लेट’ म्हणजे सकाळी उशिरापर्यंत झोपणं. रात्री उशिरा झोपलो असं सांगायचं तर ‘आय वेन्ट टू बेड लेट’ किंवा ‘आय स्टेड अप लेट’. आपल्याकडे ही चूक इतकी रुळलीय की आपापसात कुणाला खटकतही नाही. म्हणूनच ती परक्या माणसासमोर अचानक अडवते.

अशा बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. मराठीत झोप स्वतः काहीतरी करते. ती येते, लागते, उडते, मोडते, पुरी होते. इंग्रजीत जे काही करायचं ते झोपणारा माणूस करतो, आणि अर्थ बरेचदा ठरतो तो ‘स्लीप’च्या मागे लागलेल्या छोट्या शेपटीवरून.

झोपलो, पण झोप लागली नाही

‘अकराला झोपलो, पण एकपर्यंत झोप लागली नाही.’ मराठीत हे अगदी सरळ वाक्य आहे. परदेशातल्या डॉक्टरांना तुम्ही ‘आय स्लेप्ट ॲट इलेव्हन’ म्हणालात, तर ते अकराला झोप लागल्याची नोंद करतील आणि पुढचा सगळा इलाज त्या नोंदीवर चालेल. अंथरुणाला पाठ टेकली, ते ‘गो टू बेड’. डोळा लागला, ते ‘फॉल अस्लीप’. जाग आली, ते ‘वेक अप’. अंथरूण सोडलं, ते ‘गेट अप’. सहाला जाग येऊन सातपर्यंत लोळत पडला असाल, तर शेवटच्या दोन्ही वेळा वेगळ्या सांगा. निद्रानाशाची तक्रार घेऊन गेलात तर डॉक्टर हेच चार आकडे विचारतात, म्हणून एवढे चार शब्दप्रयोग तरी पक्के करा.

शब्दाला शब्द लावून झालेली भाषांतरंही रोज कानावर पडतात. ‘झोप येतेय’चं ‘आय एम गेटिंग स्लीप’ होतं. म्हणायचं ‘आय एम स्लीपी’. ‘झोप पुरी झाली नाही’चं ‘माय स्लीप इज नॉट कम्प्लीट’ होतं. म्हणायचं ‘आय डिडन्ट गेट इनफ स्लीप’. झोपमोड झाली तर ‘माय स्लीप ब्रोक’ नको. मोडणाऱ्याचं नाव घ्या: ‘द डॉग वोक मी अप’. डोळ्याला डोळा लागला नाही, ते ‘आय डिडन्ट स्लीप अ विंक’. आणि पायाला मुंग्या आल्या तर इंग्रजीत मुंग्या आणू नका. तिथे पाय स्वतःच झोपी जातो, ‘माय फूट हॅज गॉन टू स्लीप’, किंवा टाचण्या-सुया टोचतात, ‘पिन्स अँड नीडल्स’. इंग्रजीतल्या मुंग्या चुळबुळ करणाऱ्या माणसाच्या विजारीत असतात (‘अँट्स इन युअर पँट्स’), त्यांचा बधिर पायाशी संबंध नाही.

शेपटीकडे बघा

‘स्लीप इन’ म्हणजे सुट्टीच्या दिवशी ठरवून उशिरापर्यंत झोपणं. गजर ऐकू आला नाही आणि कामाला उशीर झाला तर ‘आय ओव्हरस्लेप्ट’. पहिल्यात मजा आहे, दुसऱ्यात चुकीची कबुली. साहेबांना मेसेज टाकताना ‘आय स्लेप्ट इन’ लिहिलंत तर उशीर मुद्दाम केल्यासारखा वाटू शकतो. ‘स्लीप ओव्हर’ म्हणजे दुसऱ्याच्या घरी मुक्काम. ‘स्लीप थ्रू’ म्हणजे गजर वाजला, वादळ झालं, तरी जाग न येणं.

सगळ्यात जपायची शेपटी ‘विथ’ची. ‘आय स्लेप्ट विथ माय कलीग’ याचा अर्थ शरीरसंबंध, दुसरा कुणी काढतच नाही. ‘स्लीप टुगेदर’चंही तसंच. हॉटेलात दोघांना एकच खोली मिळाली होती असं सांगायचं असेल तर ‘वी शेअर्ड अ रूम’ म्हणा. हे वर्गात शिकवताना अनेकजण मान खाली घालतात, पण मी ते टाळत नाही. चारचौघांत एकदा असं वाक्य तोंडून गेलं की पुढे कित्येक महिने माणूस इंग्रजी बोलायला धजत नाही, हे मी पाहिलंय.

आता ‘ऑन’. ही शेपटी दुहेरी आहे. ‘लेट मी स्लीप ऑन इट’ म्हणजे एक रात्र जाऊ दे, विचार करून उद्या सांगतो. निर्यातीचा छोटा धंदा असलेल्या एका विद्यार्थ्याला गिऱ्हाइकानं हेच लिहिलं. त्याला वाटलं, गिऱ्हाइकानं विषय झोपवला, म्हणजे नकारच. त्यानं पुढे विचारलंच नाही. खरं तर दुसऱ्या दिवशी एक साधा मेल टाकायचा होता. उलट बोलीतलं ‘डोन्ट स्लीप ऑन दिस’ म्हणजे याला कमी लेखू नका, हे हातचं घालवू नका. एखाद्या नव्या गायकाबद्दल किंवा फोनबद्दल असं लिहिलेलं दिसतं. आधी नीट पाहा: स्वतःसाठी वेळ मागितलाय की दुसऱ्याला सावध केलंय? वेळ मागितला असेल तर थांबा, सावध केलं असेल तर लगेच लक्ष द्या.

‘फास्ट’ म्हणजे पटकन नव्हे

‘ही वॉज फास्ट अस्लीप’चं भाषांतर जवळपास प्रत्येक नवा विद्यार्थी ‘तो पटकन झोपला’ असं करतो. इथे मी कापडाच्या दुकानाची आठवण करून देतो. ‘रंग जाणार नाही ना?’ असं विचारलं की दुकानदार म्हणतो, ‘फास्ट कलर आहे, ताई.’ तो रंग वेगानं पळत नाही, तो पक्का बसलेला असतो. झोपेतला ‘फास्ट’ तोच. गाढ, पक्की, न हलणारी झोप. ‘स्लीप टाइट’मधला ‘टाइट’ही याच कुळातला. जुन्या दोरीच्या खाटा ताणून बांधण्यावरून तो आला असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण तिथे ‘टाइट’चा अर्थ नुसता ‘नीट, गाढ’ एवढाच.

‘साउंड स्लीप’मध्येही आवाज नाही. एका मुलानं त्याचा अर्थ ‘घोरणं’ लिहिला होता. तर्क चुकीचा नव्हता, शब्द वेगळा होता. आवाजाचा ‘साउंड’ लॅटिनकडून आला. हा दुसरा जुन्या इंग्रजीतला, जर्मनमधल्या ‘गेझुंट’चा नातेवाईक. त्याचा अर्थ धडधाकट. ‘सेफ अँड साउंड’मध्ये तोच आहे.

बोलीतले शब्द, आणि ते कुठे नकोत

इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर ‘नाइट आउट मारली’ म्हणजे रात्रभर अभ्यास केला. बाहेरच्या जगात ‘नाइट आउट’ म्हणजे मित्रांबरोबर बाहेर जेवणखाण, मौजमजा. परीक्षेच्या आदल्या रात्रीबद्दल प्राध्यापकांना हे सांगितलंत तर गैरसमज होणारच. अभ्यासाच्या जागरणाला ‘ऑल-नायटर’ म्हणतात: ‘आय पुल्ड ॲन ऑल-नायटर.’ रात्रीचा दिवस केला असं सांगायचं तर ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ आहेच.

‘क्रॅश’ म्हणजे थकून आडवं होणं किंवा कुणाकडे ऐनवेळी रात्र काढणं. कॅनडातला मुलगा फोनवर आईला ‘काल मित्राकडे क्रॅश झालो’ म्हणाला तर तिच्या छातीत धस्स होतं. घरच्यांशी बोलताना ‘मित्राकडे झोपलो’ म्हणा. ‘हिट द सॅक’, ‘हिट द हे’ म्हणजे झोपायला जाणं. यात मारामारी नाही, गवत भरलेल्या गाद्यांचा काळ त्यात राहून गेलाय. हे मित्रांत चालतं, साहेबांच्या मेलमध्ये नको.

‘मी पाचपासून जागा आहे’ला ‘आय एम वोक सिन्स फाइव्ह’ नको, ‘आय हॅव बीन अवेक सिन्स फाइव्ह’ म्हणा. ‘वोक’ हे विशेषण आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून आलं, वांशिक अन्यायाबद्दल सजग असा त्याचा अर्थ. 2017 साली ते ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशातही आलं.

आणि रात्री दहाला कुणी भेटलं तरी ‘गुड इव्हनिंग’च. ‘गुड नाइट’ फक्त निरोप घेताना.

बोलून गेलात तर

गप्प बसू नका. ‘व्हॉट आय मेन्ट वॉज’ म्हणून वाक्य पुन्हा सांगा. त्या मुलीनं वर्ग सुटल्यावर जिन्यातच उभं राहून साहेबांना लिहिलं की आपण रात्री दोनपर्यंत प्रेझेंटेशन करत होतो, ‘सो आय वेन्ट टू बेड व्हेरी लेट’. दहा मिनिटांत उत्तर आलं: मीटिंग दुपारी घेऊ, ‘प्लीज स्लीप इन टुमॉरो.’ तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि ‘इन’वर बोट ठेवलं.