मणक्यात ‘गॅप’, मनात धास्ती: कंबर धरली की या चुका टाळा

पावसाळ्यात माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये येणारे पेशंट स्वतः निम्मे भिजलेले असतात, पण हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली एमआरआयची फिल्म मात्र कोरडी ठणठणीत. भांडुपहून आलेले एक काका असेच. वय चोपन्न. फिल्म टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, मणक्यात गॅप आलाय.” बसले तेही खुर्चीच्या कडेवर, पाठ काठीसारखी ताठ. सहा आठवडे त्यांच्या बुटाची लेस काकू बांधत होत्या. वाकल्यावर किती दुखतं, असं विचारलं तर म्हणाले, “वाकलो तर दुखेल ना!” म्हणजे वाकून बघितलंच नव्हतं.

हा ‘गॅप’ शब्द कुठून रुजला देव जाणे. दोन मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी वयानुसार कमी होतं, ती चपटी होते आणि मणक्यांमधलं अंतर उलट घटतं. तरी आपल्याकडे गॅप ‘येतो’.

रिपोर्टलाच आजार समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. १९९४ साली अमेरिकेत ज्यांना कंबरदुखी नाही अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांची एक तरी चकती फुगलेली होती. सगळ्या चकत्या धडधाकट असलेले निघाले फक्त ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून, काहीही न दुखणाऱ्या ३,११० माणसांचा हिशेब मांडला गेला. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत.

डोळ्यांना चाळिशी लागते तशी ती चकत्यांनाही लागते. चष्मा लागला म्हणून आपण डोळे मिटून बसत नाही.

काकांच्या रिपोर्टात एल-४ एल-५ ला फुगवटा, एल-५ एस-१ ला झीज (ही कंबरेच्या तळाच्या मणक्यांची नावं), असं लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं, पण दहा वर्षांपूर्वी फिल्म काढली असती तर बहुधा यातलं बरंचसं तेव्हाही दिसलं असतं. फिनलंडमध्ये जुळ्या भावांचा अभ्यास झाला आहे. एक अंगमेहनतीच्या कामात, दुसरा खुर्चीत, तरी दोघांच्या चकत्या बऱ्याच सारख्या. झिजेत ओझ्यापेक्षा अनुवंशाचा वाटा मोठा निघाला. त्यामुळे ‘आयुष्यभर लोकलला लटकलो म्हणून मणके गेले’ हे ऐकायला पटतं, तरी संशोधन त्याला फारसा दुजोरा देत नाही. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून कल्याण ते सीएसएमटी केलं तर कंबर दुखेल, नक्की दुखेल. पण दुखणं वेगळं आणि मोडणं वेगळं.

पायात ताकद कमी होत असेल, पायातली कळ आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, ऑपरेशनचा विचार असेल किंवा खाली दिलेल्यांपैकी एखादं लक्षण असेल, तर एमआरआय जरूर काढा. नुसती उसण भरली म्हणून चौथ्या दिवशी नको.

अंथरूण धरणं

‘पंधरा दिवस सक्त विश्रांती’ हा सल्ला अजून मिळतो. १९८६ मध्येच दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती तोलून पाहिली गेली. सात दिवस झोपलेल्यांना जास्तीचा फायदा काही झाला नाही, कामाचे दिवस तेवढे बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत तर झोपून राहिलेले, ठरावीक व्यायाम करणारे आणि सोसेल तशी रोजची कामं चालू ठेवणारे, असे तीन गट केले. तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे गादी गुंडाळून फरशीवर चटई टाकणं. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना वेगवेगळ्या गाद्या दिल्या. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरली.

श्रेय भलत्यालाच देणं

आमच्या आजीच्या गावी उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेत. चार-सहा दिवसांत उसण जायची आणि पायाळूचा भाव वधारायचा. खरी गोष्ट अशी की अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरीच सैल होते. मधल्या काळात जे कराल त्याला यश येतं.

आता स्वतःच्या धंद्याबद्दल बोलते. क्लिनिकमध्ये लावतात ते अल्ट्रासाउंड, करंटचं मशीन, कंबर ताणायचं ट्रॅक्शन, हे बऱ्याचदा आमचे पायाळूच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि कंबरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात वापरू नका, असं म्हटलं आहे. पट्टा बांधून दोन दिवस बरं वाटत असेल तर बांधा. वर्षभर बांधणारे मी पाहते, तेव्हा पट्ट्याची सवय सोडवणं हाच उपचार होऊन बसतो.

गोळ्यांचंही तसंच. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० जणांवर पॅरासिटामॉल तपासलं. गोळी घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले, खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत! डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो, पण केमिस्टकडून परस्पर घेऊन महिना महिना खाल्ल्या तर पोट, किडनी, बीपी यांची वाट लागते. बी-१२ ची इंजेक्शनं कमतरता असेल तरच.

ऑपरेशनला एक तर पळत जाणं, नाही तर पळ काढणं

चकती नसेवर येऊन पायात कळ जाते, त्याला आपण सायटिका म्हणतो. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा २८३ जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवून बघितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले जवळपास ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी साधारण ३९ टक्क्यांना नंतर ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे पायात ताकद शाबूत असेल तर प्रश्न बऱ्याचदा एवढाच उरतो की कळ किती दिवस सोसवते आणि रजा किती शिल्लक आहे. तो निर्णय सर्जनबरोबर बसून घ्या, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

खऱ्या धोक्याकडे काणाडोळा

बहुतेक कंबरदुखी निरुपद्रवी असते, म्हणून सगळीच तशी समजू नका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. केईएम, सायन, नायर, जे घराजवळ असेल ते.

मुंबईत आणखी एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते, ती म्हणजे मणक्याचा टीबी. खोकला नसतानाही तो होतो. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि आडवं पडल्यावरही न थांबणारं दुखणं, असं असेल तर मालीश, व्यायाम, मणका ‘बसवणं’ सगळं बंद. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, इथे एमआरआय हवाच. टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा म्हातारं माणूस पडून कंबर धरली असेल, तरीही वाट बघू नका.

आणि तरुण मुलं. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास अंग आखडलेलं, हालचाल केली की सुटतं, विश्रांतीने वाढतं, हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरला, दाखवा. हा संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि निदानात वर्षं वाया जातात.

बरं वाटल्यावर सगळं सोडून देणं

कंबरदुखी परत येते, तो तिचा स्वभाव आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत उलटलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. खर्च, चपलांचा. शिवाजी पार्क जवळ नसेल तर संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी चालत घर गाठा.

काकांना मी त्या दिवशी व्यायाम एकच दिला, खुर्चीत बसून हात पावलांपर्यंत नेणं. पहिल्यांदा गुडघ्यापाशी थांबले, पाचव्यांदा बोटं लेसला लागली. दुखलं का? “ओढ बसली.” निघताना काकूंनी दारातून वळून विचारलं, “मग यांनी सकाळी पाण्याची बादली उचलायची का?” म्हटलं, या आठवड्यात अर्धी, दोन आठवड्यांनी पूर्ण. हे उत्तर काकांपेक्षा काकूंनाच जास्त आवडलेलं दिसलं.