चित्रकलेच्या तासाला सामाजिक विषय घेताय? या चुका टाळा

नववीच्या पोरांना फळ्यावर ‘शेतकरी आत्महत्या’ असा विषय लिहून दिला की काय येतं माहितीये, झाड, फास, भेगा पडलेली जमीन, आणि सगळ्या कागदांवर तेच. मीही हेच केलं, वर खूश झालो की पोरं किती संवेदनशील! नंतर कळलं अर्ध्यांनी मोबाईलवरून उतरवलं होतं, आणि मागच्या बाकावरच्या एका पोरीने कागद कोराच ठेवला. जिच्या घरात हे घडलंय तीच समोर बसलेली असू शकते, विदर्भात मास्तरकी करून हे आधी सुचू नये म्हणजे कमाल आहे.

आता विषय देतच नाही, वस्तू देतो. कापूस वेचताना कमरेला बांधायचं फडकं, नाहीतर पाणी भरायचा गुंड, म्हणजे हंडा. घरी हे कोण वापरतं, बस एवढंच विचारायचं. एका पोट्ट्याने हापशीवर सहा बायका काढल्या आणि बाजूला सायकलवर स्वतः. म्हटलं, तू काहून नाही भरत पाणी? आधी हसला, मग गप झाला, मग म्हणे, “सर, बहिणीची शाळा बुडते न माह्या.” रबर घेतला आणि सायकल खोडली.

दुसरी चूक, चित्र झालं की लगेच ‘यातून काय संदेश दिलास?’ विचारणं. मग निबंधातली शेवटची ओळ ऐकायला मिळते, ‘आपण सर्वांनी...’ वगैरे. त्यापेक्षा चित्रात कोण नाहीये ते विचारा, काय खोडलंस ते विचारा. चार ओळी लिहून घेतल्या आणि त्या वऱ्हाडीत आल्या तर लाल पेन खिशातच ठेवा, आणि मार्क तर नकोच, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीत फिनिशिंगचे मार्क बघायची सवय आपल्याला लागलेली असते ती इथे घात करते.

कलर नाही म्हणून अडलं तर चित्रकार झैनुल आबेदिनची 1943 च्या बंगालच्या दुष्काळातली स्केचेस दाखवा, स्वस्त पॅकिंगच्या कागदावर नुसती काळी शाई आहे.

आणि 26 जानेवारीच्या प्रदर्शनात न विचारता काही लावू नका. कागद कोरा ठेवलेल्या त्या पोरीने दिवाळीनंतर दाराबाहेरच्या चपलांचं चित्र आणून दिलं, म्हणे, “सर, फाईलीत ठेवा, लावू नका.” फाईल कपाटात आहे.