मुलांची नजर तपासताना या चुका टाळा

‘लांबची पाटीसुद्धा घडाघडा वाचतो, याला कसला चष्मा?’ पालकांचं हे ठरलेलं वाक्य. पण पाटी दोन्ही डोळ्यांनी वाचलेली असते. एका डोळ्याला मोठा नंबर असला तरी दुसरा चांगला डोळा वेळ मारून नेतो. मूलही कुरकुरत नाही, कारण याहून वेगळं दिसणं त्याला ठाऊकच नसतं. हळूहळू मेंदू कमजोर डोळ्याकडे काणाडोळा करायला लागतो, आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. उपचार वयाच्या सातव्या वर्षाआधी सुरू झाले तर गुण चांगला येतो. पुढे काम अवघड होत जातं.

म्हणून एकेक डोळा झाकूनच तपासायचा, आणि तोही तळहाताने झाकू नका. मुलं महावस्ताद असतात: बोटांच्या फटीतून बघतात, मान तिरकी करतात, आधीच्या मुलाने म्हटलेली ओळ तशीच म्हणून दाखवतात. चिकटपट्टी लावा. तान्हं बाळ डावा डोळा झाकल्यावर खेळत राहिलं, पण उजवा झाकताच रडून हात झटकायला लागलं, तर डाव्याने कमी दिसत असावं. अक्षरओळख व्हायची वाट बघू नका. साधारण तीन वर्षांच्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात.

‘थेंब नकोत, मशीनवर नंबर काढा’ हा हट्टही महागात पडतो. मुलांच्या डोळ्यांत जवळचं बघण्याचा जोर इतका असतो की तो जोर सैल करणाऱ्या थेंबांशिवाय मायनस नंबर फुगतो आणि प्लस नंबर लपतो. या थेंबांनी काही काळ जवळचं धूसर दिसतं. सायक्लोपेंटोलेट थेंबांचा असर साधारण दिवसभरात उतरतो, ॲट्रोपिनचा मात्र आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. परीक्षा तोंडावर असेल तर तारीख आधीच ठरवून घ्या.

शाळेतली तपासणी म्हणजे नुसती चाळणी. तिथे ‘ठीक’ आलं, तरी मूल डोळे बारीक करून बघत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

तिरळेपणाला ‘शुभ लक्षण’ म्हणून कौतुक करत बसू नका. बाळ चार महिन्यांचं झाल्यावरही डोळा फिरत असेल तर दाखवायलाच हवं. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर लगेच निघा. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण त्यामागे मोतीबिंदू किंवा पडद्याचा कर्करोगही असू शकतो.

आळशी डोळ्याला कामाला लावायला डॉक्टरांनी पट्टी सांगितली असेल तर ती चांगल्या डोळ्यावर, थेट कातडीला चिकटवायची आणि वरून चष्मा घालायचा. चष्म्याच्या काचेवर लावली की मूल वरून डोकावतं.